मागचा

या, जरा जवळ सरका. लांबून ऐकलेली गोष्ट कानापर्यंत पोचते, काळजापर्यंत पोचत नाही. आज तुम्हाला अशा एका माणसाची गोष्ट सांगतो, जो साठी उलटेपर्यंत कधी कुणाच्या पुढे चालला नव्हता, आणि एकदा चालावं लागलं तेव्हा... पण नको. शेंड्यावरून झाड चढू नये. बुंध्यापासून सुरू करू.

दोन भाऊ होते. धंदा घरसामान हलवण्याचा. एका घरातली कपाटं, पलंग, टेबलं उचलायची, जिने उतरायचे, दुसऱ्या घरी जिने चढून नीट ठेवायची. मोठा नेहमी पुढे, धाकटा नेहमी मागे. त्यामुळे लोक त्यांना पुढचा आणि मागचा असंच म्हणत, आणि हळूहळू त्यांची खरी नावं फक्त रेशनच्या दुकानात उरली.

पुढच्याला वाट दिसते. मागच्याला काय दिसतं? कपाटाची पाठ आणि कडेने भावाचा अर्धा खांदा. म्हणून पुढच्याने हाक द्यायची, "पायरी!" आणि मागच्याने म्हणायचं, "घेतली!" "उंबरा!" "घेतला!" "डावीकडे वळण!" "घेतलं!" आणि सगळ्यात शेवटी, "टेकव!" "टेकवलं!" कीर्तनात बुवा चरण म्हणतात आणि मागचे तो उचलून धरतात ना, तसंच. मागच्यांनी उचलला नाही तर चरण बिचारा तिथेच आडवा पडतो. ऐकायला गोड वाटतं, पण त्यावर दोघांची बोटं, नखं आणि गिऱ्हाइकाची आरसेवाली कपाटं शाबूत राहिली होती.

वहिनी गेल्या, तेव्हा मोठा परदेशात लेकीकडे राहायला गेला. धाकट्याने धंदा बंद केला. दुसरा कुणी पुढे असेल तर त्याची हाक कानाला लागेना. दादाच्या लेकीने, म्हणजे त्याच्या पुतणीने, गेल्या वर्षीच त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा करून ठेवला होता. "या हो काका एकदा." हा म्हणायचा, "येतो, येतो," आणि घरातच बसायचा.

मग एका सकाळी पुतणीचा फोन आला.

"काका, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. परवा सकाळी. आणि बाबा हट्टाला पेटलेत. सही करत नाहीत. म्हणतात, मागचा आल्याशिवाय मी उचलत नाही."

"अगं, मग समजाव त्याला."

"समजावून थकले. ही वेळ चुकली तर पुढची कधी मिळेल माहीत नाही, आणि तोवर हृदय धरेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. मी तिकीट काढलंय. मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं. ते दुसरं विमान मात्र चुकवू नका, त्यानंतरचं उशिरा पोचतं. उतरलात की 'ट्रान्सफर' लिहिलेल्या पाटीमागे जायचं."

"माझी कुठे बदली होणार? मी काय पोस्टमास्तर आहे?"

रडता रडता पुतणी हसली. "माणसाची नाही, विमानाची बदली. पहिलं अक्षर लक्षात ठेवा. उभ्या खांबावर आडवी फळी."

हे त्याला चटकन समजलं. खांब आणि फळी हा त्याचाच प्रांत. विमानात चढायच्या फाटकाचा आकडाही तिकिटावर कुठे असतो ते तिने सांगितलं. आकडे त्याला कुठल्याही लिपीतले ओळखता येत. गिऱ्हाइकांची घरं शोधण्यात उमर गेली होती.

निघताना त्याने सवयीने खांद्यावर पट्टा टाकला. वजन पेलायचा जाड कापडी पट्टा, दोन्ही टोकांना लोखंडी कडी. का घेतला, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. विमानतळावर तपासणीच्या दारातून जाताना कड्या बोंबलल्या.

"हे काय?" तपासणारा म्हणाला.

"पट्टा. उचलायचा."

"विमान उचलणार आहात का?"

"ते आपलं आपण उठतं असं ऐकलंय," हा म्हणाला. तपासणाऱ्याने पट्टा उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला.

पुढे पासपोर्ट बघणारी बाई काचेमागे बसली होती.

"कुठे निघालात?"

"दादाकडे."

"दादा कुठे असतात?"

देशाचं नाव त्याने घोकलं होतं. ते नेमकं त्या वेळी आठवेना. "तिकिटावर आहे बघा."

"काम काय करता?"

"मागे असतो."

"कशाच्या?"

"कपाटाच्या."

बाईंनी मान वर केली, त्याच्या खांद्यावरचा पट्टा पाहिला, आणि बहुधा सगळं समजलं. "बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला. तोंडाने हे दोन शब्द त्याने आजवर कधी उच्चारले नव्हते.

शिक्का उठला. "जा काका. सरळ जा."

"सरळ म्हणजे कुणाच्या मागे?"

"आता कुणाच्या नाही. पाट्यांच्या मागे."

विमानात शेजारी हिरवी पिशवी घेतलेला एक गृहस्थ होता. भाषा वेगळी, पण माणूस चांगला. त्याने याचा पट्टा, म्हणजे खुर्चीचा, लावून दिला, पाणी मागून दिलं, कानात दडे बसले तेव्हा गिळून दाखवलं. देव असाच कुठल्या ना कुठल्या पिशवीसकट भेटतो. विमान उतरलं, माणसांचा लोंढा निघाला, आणि हिरवी पिशवी पुढे झाली. झालं! समोर एक खांदा दिसला आणि याचे पाय आपोआप त्यामागे लागले. पुतणीने सांगितलेला खांब, फळी, सगळं विसरलं. लांबच लांब गालिचा, वळण, काचेची दारं, पुन्हा वळण. मनातल्या मनात तो "घेतलं, घेतलं" म्हणत होता. हाक कुणीच देत नव्हतं, ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही.

शेवटी एक रांग आली. हिरवी पिशवी काचेपलीकडे गेली आणि तिने वळून हात केला. याची पाळी आली. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, मान हलवली, काहीतरी बोलला आणि बोटाने मागे दाखवलं. जिथून आलास तिथे परत. हा तिथेच उभा. अधिकाऱ्याने तिकिटावरच्या दुसऱ्या विमानावर बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवलं. भाषा नाही कळली, घड्याळ कळलं.

हिरव्या पिशवीचं गाव आलं होतं. ती आपल्या घरी निघाली होती. पाठ चांगली होती, पण ती याची नव्हती.

तो वळला, तर त्याच्या अगदी पाठीशी एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई उभी.

"काय झालं? इथून नाही का?" ती म्हणाली. आणि चक्क आपल्या भाषेत म्हणाली!

"तुम्ही कोण?"

"मी? मी तुमच्या मागे! विमानातून उतरल्यापासून."

"माझ्या मागे कशाला?"

"चष्मा मोठ्या बॅगेत घातला, ती गेली सामानात. पाट्या दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. तुमच्या खांद्यावर तो पट्टा दिसला. म्हटलं, याला वाट माहीत असणार. काय छातीने चालत होतात!"

"छातीने कुठला? मी त्या हिरव्या पिशवीमागे चाललो होतो."

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे आंधळ्यामागे आंधळी? शाब्बास! आधी त्या मेल्यांनी माझी कात्री काढून घेतली, आता हे."

ती शिवणकाम करणारी होती. सुनेला बाळ झालं होतं. नातवाची झबली शिवून पिशवीत भरली होती, आणि दोरा कापायची कात्री तपासणीत गेली होती. तिचं तिकीट त्याने पाहिलं. तेच विमान, तेच फाटक.

"मग आता कुणाला विचारायचं?" ती म्हणाली.

त्याने आजूबाजूला एक पाठ शोधली. खरंच शोधली. शेकडो पाठी होत्या, आणि प्रत्येक पाठ आपापल्या घरी चालली होती. दादा तिकडे हात बांधून पडलाय, हे त्याला डोळ्यांपुढे दिसलं. सही करत नाही. उचलत नाही. मागचा जागेवर आलेला नाही, कारण मागचा इथे उभा राहून पाठ शोधतोय.

त्याने खांद्यावरून पट्टा काढला. एक कडी आपल्या मुठीत घेतली, दुसरी तिच्या हातात दिली.

"हे धरा. सोडू नका. मी पायरी म्हटलं की 'घेतली' म्हणायचं. वळण म्हटलं की 'घेतलं'."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मला कसं कळणार, तुम्ही आहात की पडलात?"

तो निघाला. लोंढा समोरून येत होता, हे दोघे उलटे. अहो, साठ वर्षं ज्याने पाठी पाहिल्या, त्याला त्या वेळी माणसांचे नुसते चेहरे चेहरे दिसले. दमलेले, झोपाळलेले, कुणाकडे तरी निघालेले. आणि गंमत बघा, त्यातल्या अर्ध्या चेहऱ्यांवर त्याच्यासारखीच धास्ती होती.

"उजवीकडे वळण!"

"घेतलं!"

वर पाटी. त्याने मान ताणली. उभा खांब, त्यावर आडवी फळी. आणि शेजारी बाण. "सापडली!" तो ओरडला.

"हे पण घेतलं म्हणायचं का?" मागून आवाज.

पुढे सरकता जिना लागला. ती थबकली. पट्टा ताठ झाला, आणि त्या ताणावरूनच त्याला कळलं की ती घाबरलीय. न वळता कळलं.

"भाऊ, ही पायरी पळतेय! पळत्या पायरीला काय म्हणू?"

"आधी घेतली म्हणा, मग पाय टाका."

"घेतली! घेतली! अगं आई गं, घेतली!" आणि ती पायरीवर आली, हसू आणि रडू एकाच चेहऱ्यावर.

वर जाताना त्याच्या मनात आलं. इतकी वर्षं त्याला वाटायचं, पुढच्याचं बरं. त्याला वाट दिसते, मोकळी हवा लागते. आता कळलं की पुढच्याला मागचा दिसत नाही. फक्त जाणवतो. आपल्या एका चुकीच्या हाकेने मागचं माणूस कोसळेल, ही भीती छातीत घेऊन पुढच्याने तोंडाने मात्र खणखणीत हाक द्यायची. दादाने ही भीती कधी बोलून दाखवली नाही. आपणही कधी विचारलं नाही.

पुन्हा तपासणी झाली, पुन्हा कड्या बोंबलल्या. पुढे फाटकाचे आकडे उतरत्या क्रमाने लागायला हवे होते, ते चढत गेले. दोघं वळून परत आली, पळाली. फाटकाशी एक मुलगी दोरी लावत होती. पट्ट्याने जोडलेली ही दोन म्हातारी माणसं एकामागे एक धावत येताना पाहून तिने दोरी पुन्हा सोडली.

खुर्चीत बसल्यावर बाई धापा टाकत म्हणाली, "आता टेकवू का?"

"टेकवा," तो म्हणाला.

उतरल्यावर तिथल्या काचेसमोर त्याने पुतणीने शिकवलेला एकच शब्द वापरला. "ब्रदर." आणि दुखणं कुठे ते सांगावं म्हणून छातीवर हात ठेवला. अधिकारी घाबरला, त्याने चाकाची खुर्ची मागवली. याला आलाय झटका, असं त्याला वाटलं! खुर्ची आली, तर याने तीत शिवणाऱ्या बाईची बोचकी ठेवली आणि स्वतः ती ढकलत बाहेर आला. सामान मोकळं दिसलं की याचे हात थांबत नसत.

बाहेर तिचा मुलगा उभा होता, याची पुतणी उभी होती. रडणं, पाया पडणं, सगळी धांदल. बाईने पट्ट्याची कडी सोडताना म्हटलं, "सोडते हं भाऊ." तो म्हणाला, "सोडा. आता नीट आहे." आणि दोघं दोन बाजूंना गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यात दादा उशीला टेकून बसला होता. निम्मा झालेला. त्याने धाकट्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे पाहिलं.

"पुढे कोण होतं रे?"

"मीच."

दादाने त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "भीती वाटली?"

"वाटली. तुला वाटायची?"

"प्रत्येक जिन्यावर," दादा म्हणाला. "चढताना सगळं ओझं तुझ्यावर यायचं. तुझा आवाज आला की मी पुढचा पाय टाकायचो. आता या डॉक्टरांना मागून कोण आवाज देणार? म्हणून अडलो होतो." त्याने हात पुढे केला. "दे तो सहीचा कागद."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला चाकाच्या पलंगावरून नेलं. दारापर्यंत धाकट्याला परवानगी होती. या वेळी तो पुढे चालला.

"डावीकडे वळण, दादा."

"घेतलं."

"उंबरा."

दादाचा आवाज बारीक आला, पण आला. "घेतला."

दार मिटलं. बाहेर बाकावर तो पट्टा मांडीवर घेऊन बसला. उचलायला काही नव्हतं, म्हणून देवाला हाका मारत बसला, आणि देवाच्या वतीनेही आपणच "घेतलं" म्हणत राहिला. ऊन एका खिडकीतून निघून दुसऱ्या खिडकीत गेलं. मग पुतणीने खांदा हलवून आत नेलं. दादाचे डोळे अर्धवट उघडे होते. ओठ हलले. याने कान जवळ नेला.

"टेकवलं का रे?"

"टेकवलं, दादा. ओरखडासुद्धा नाही."

झाली गोष्ट. दादाची आठवण तुम्ही काढालच, धाकट्याचीही काढाल. माझं मागणं वेगळं आहे. घरी जाऊन दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा त्या शिवणाऱ्या बाईची आठवण ठेवा. तिचं नाव आपल्याला माहीत नाही. पण ती मागे येऊन उभी राहिली, म्हणून तो पुढे झाला. तिला नवी कात्री मिळाली असेल, असं आपण धरून चालू.