बूड न टेकणारा चंबू

मी चंबू बोलतोय. काचेचा, गोल बुडाचा. मला फुंकून घडवणाऱ्या मिशाळ कारागिराने बूडच असं दिलं की ते कुठे टेकत नाही. मला बसवायला एक गोल कडं असतं, त्याबाहेर ठेवलंत की मी गडगडलोच. तुमची धावपळ बघायला मजा येते.

शिक्षण अर्धवट, प्रयोगशाळेत कानावर पडलं तेवढंच. काम एकच. औषधी मुळ्यांचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क पोटात घेऊन गरम पाण्यात गरगर फिरायचं. स्पिरिट उडून जातं, तळाशी काळा चिकटा उरतो. तो चिकटा इथे संशोधन करणाऱ्या ताई बशीतल्या पेशींवर घालतात. यकृताच्या कर्करोगाच्या त्या पेशी महाखट, नेहमीच्या औषधाला भीक घालत नाहीत.

ताई पूर्वी निवांत असायच्या. मी मुद्दाम फेस उसळवून वरच्या नळीत थुंकलो तरी हसायच्या. मग त्यांच्या थोरल्या भावाला हाच रोग निघाला, त्याचंही औषध चालेनासं झालं, आणि ताई माझ्यापेक्षा जोरात फिरायला लागल्या. परवा तर मला अर्ध्यातच उतरवलं. पोट अजून ओलं आहे हो, असं ओरडणार होतो, पण त्यांनी तोंडाला बूच लावलं.

तोच ओला चिकटा पेशींवर घातला, आणि काल बघतात तर बशीतल्या पेशी झाडून मेलेल्या. ताईंनी दादाला बोलावून घेतलं. वाळलेला माणूस, पण जिभेला हाड नाही. सूक्ष्मदर्शकात डोकावून म्हणाला, मेल्या ना, मग चमचाभर मलाही दे. ताईंच्या होकाराचीही वाट न बघता त्याने मलाच उचललं, बूच काढलं, हुंगलं.

"अगं, याला तर दारूचा वास येतोय. ती बंद केलीये ना माझी?"

तो हसला. ताईंचा चेहरा मात्र उतरला. 

"दादा, मुळीने मेल्या की नुसत्या स्पिरिटने, मलाच माहीत नाही. मी घाई केली. आणि खरंच मुळीने मेल्या असल्या, तरी हे तुला देता येणार नाही. तुझ्या चांगल्या पेशींचं काय होईल, कुणी तपासलेलंच नाही."

दादाने मला कड्यात ठेवलं. गडगडणार नाही असं, नीट ठेवलं.

"मग पुन्हा कर. मी बसतो."

आता मी पुन्हा फिरतोय. शेजारी पेशींची दुसरी बशी मांडलीये, नुसतं स्पिरिट घालून ताडून बघायला. दादा स्टुलावर बसतो, उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. त्याचंही बूड टेकत नाही. आज मी थुंकत नाहीये, फेस दाबून धरलाय. ताई, सावकाश जा असं मला म्हणवत नाही, आणि घाई करा असंही नाही. फक्त मला पुरता कोरडा होऊ द्या.