हिरवं तोंड

टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं गयासनं पहिल्या रझाकाराचं तोंड पुसून टाकलं. लांब नाकाचा, घाऱ्या डोळ्यांचा रोहिला होता तो. मग त्यानं दुसरं तोंड पुसलं. ते निजामाच्या पलटणीतल्या हबशाचं होतं, आणि ते काढायला त्याचे दोन दिवस गेले होते. तिसरा गावातलाच पोरगा, ओठावर नुकती लव फुटलेला. चौथ्यानं तर चक्क धोतर नेसलं होतं.

"ह्याला आधी पूस," तात्यासाहेब मागून म्हणाले. "धोतरातला रझाकार कुठं असतोय व्हय?"

"होता. तुझ्या वडलांनीच सांगितलेलं. चावडीपासून तुमच्या घरापर्यंत रझाकारांना वाट दाखवत कोण आलं, ते."

"वडलांनी घरात बसून सांगितलेली गोष्ट वेगळी. हे ट्रकवर चढणार आहे, गयास. मिरवणूक आहे, शाळा नाय. गाडी समोरून गेली की लोकांना एका नजरेत कळलं पाहिजे, हे रझाकार. तुझी ही चार जातीची चार तोंडं बघून लोकांना वाटंल, वऱ्हाड निघालंय कुणाचं तरी."

शहागंजातल्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघंच होते. भिंतीला टेकवलेल्या चौकटीवर कापड ताणलेलं होतं, पुरुषभर उंच आणि ट्रकच्या लांबीचं. मराठवाडा मुक्त झाल्याला पन्नास वर्षं होत होती. सतरा सप्टेंबरच्या मिरवणुकीत समितीचा चित्ररथ निघणार होता, आणि समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब होते. दोघंही मूळचे फुलंब्रीचे, एका गल्लीत वाढलेले. चारचौघांत गयास त्यांना तात्यासाहेब म्हणे, एकटे असले की नुसता तात्या.

"मग कसे काढू?"

"तुला काय शिकवायचं? आयुष्यभर सिनेमाचे बॅनर रंगवलेस. व्हिलन कसा काढतोस? तसा काढ. दाढी, डोळ्यांत सुरमा, हिरवं तोंड. सगळे एकासारखे एक."

खरं होतं ते. बॅनरवाल्यांची ती जुनी रीत होती. हीरोचं तोंड गुलाबी, गालावर नारिंगी झाक. खलनायकाचं हिरवं, सावलीला निळा. चौकातून सायकलवर जाणाऱ्या माणसाला नाव वाचायची गरजच पडत नसे. गयासनं एकाच नटाला एका शुक्रवारी गुलाबी आणि पुढच्या शुक्रवारी हिरवा रंगवला होता, आणि ओळखीचाच नट असूनही लोक हिरव्याकडं बघून थुंकत. तेव्हा त्याला त्याचा अभिमान वाटायचा. आज त्याला त्या हिरव्या डब्याकडं बघवेना.

"आणि हा शिंपी," तात्यासाहेब चित्राच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं मशीनवर वाकून एक माणूस तिरंगा शिवत होता. "ह्याची टोपी काढ."

गयास वळला.

"माझा बाप आहे तो."

"मला माहीत नाय का? हैदरचाचांच्या मांडीवर खेळलोय मी. राहू दे की शिंपी, मी कुठं नको म्हणतोय? फक्त टोपी काढ. लोकांचा गोंधळ होतो. मारणाऱ्याच्या डोक्यावर टोपी, झेंडा शिवणाऱ्याच्याबी डोक्यावर टोपी, मग बघणाऱ्यानं समजायचं काय?"

"जे झालं ते समजायचं."

तात्यासाहेबांनी सुस्कारा सोडला. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "तुझ्या नावाला समितीत किती विरोध होता, तुला ठाऊक नाय. हे काम त्याला कशाला, म्हणत होते. मी भांडलो. आता मला तोंडघशी पाडू नको." खिशातून त्यांनी निमंत्रणपत्रिका काढली, त्यावरचा स्वतःचा फोटो दाखवला. "आणि वर कोपऱ्यात हा. अध्यक्ष म्हणून. जरा बरा काढ."

ते गेल्यावर गयास स्टुलावर बसला. उपकाराचा डबा उघडा ठेवून गेला होता तात्या, आणि त्याचा वास शेडभर कोंडला होता. हैदर शिंप्यानं झेंडा शिवला म्हणून रझाकारांनी त्याच्या उजव्या हाताची बोटं जात्याच्या पाळूनं ठेचली होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर दुसऱ्याच कुणीतरी येऊन त्याचं मशीन उचलून नेलं होतं, त्याच टोपीकडं बोट दाखवून. कोण आलं होतं ते हैदरनं मरेपर्यंत सांगितलं नाही. वाकडी बोटं घेऊन तो लोकांच्या गाद्या टाचत राहिला. आता पन्नास वर्षांनी त्याची टोपीच काढायची, आणि तीही त्याच्या पोराच्या हातानं.

गयास उठला. भिंतीचा मातकट रंग ब्रशवर घेतला आणि टोपीवरून फिरवला. खाली टक्कल काढावं लागलं. बापाचं उघडं डोकं त्यानं एकदाच पाहिलं होतं, मयताला आंघोळ घालताना. ब्रश त्यानं डब्यात इतक्या जोरात टाकला की रंग छातीपर्यंत उडाला.

जेवणाचा डबा घेऊन आलेली सगीरा, त्याची बायको, दारातच थांबली. आधी तिनं चित्र पाहिलं, मग नवऱ्याचा सदरा.

"अब्बा की टोपी किदर गई?"

"तात्याला नको."

"और तुम निकाल दिये?"

तिनं डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि त्याच्यासमोर ताट वाढलं. तिचा प्रश्न त्याला तात्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला. जेवण तसंच ठेवून त्यानं निमंत्रणपत्रिका उचलली आणि पट्टी-पेन्सिल घेऊन फोटोवर चौकटी आखायला घेतल्या.

छोट्या फोटोवर छोट्या चौकटी, कापडावर तितक्याच, पण मोठ्या. एकेक चौकट बघत उतरवायचं, की चेहरा आपोआप मोठा होतो. कोपऱ्यात तात्यासाहेब उमटले. गयासनं त्यांना गुलाबी केलं, गालावर नारिंगी दिला, दोन्ही हनुवट्यांची एक केली. बरा काढ म्हणाला होता, बरा काढला.

मग तो चित्राच्या मधोमध आला. पुसलेल्या तोंडांच्या जागी पुन्हा चौकटी आखल्या. तोच फोटो समोर धरला आणि तीच चौकट, तीच रेघ उतरवायला लागला.

सगीरा भांडी आवरता आवरता बघत होती. भुवया उमटल्या, रुंद नाक उमटलं, मुडपलेला खालचा ओठ उमटला. तिच्या हातातलं झाकण निसटलं.

"या अल्ला. ये तो तात्यासाहब हैं."

"व्हय."

"पागल हो गए? पैचान लिए तो दुकान नहीं रखेंगे अपनी!"

"कोणी ओळखत नाय," गयास म्हणाला. त्यानं दाढी चढवली. डोळ्यांत सुरमा ओढला. मग हिरव्याचा डबा उघडला. "हा रंग लागला की माणूस कोणाला दिसतच नाय. बघ तू."

"और दिख गया तो?"

"तर बरंच होईल."

मधला, शिंप्यावर काठी उगारलेला म्होरक्या त्यानं मन लावून रंगवला. इतक्या रागानं आणि इतक्या मायेनं एखादा चेहरा त्यानं कधीच काढला नव्हता. लहानपणी ह्या माणसाबरोबर तो विहिरीत पोहला होता, ह्याची प्रत्येक सुरकुती त्याला पाठ होती. फोटोत नव्हतं तेही त्यानं त्यात घातलं. बाकीच्या तिघांना त्याच चेहऱ्याची नक्कल दिली. सगळे एकासारखे एक, जसं सांगितलं होतं तसं.

समितीची माणसं चित्र बघायला आली त्या दिवशी सगीरा आतल्या दाराआड उभी राहिली. गयास हात पुसत बाजूला थांबला.

सगळे चित्रासमोर उभे राहिले. कोपऱ्यातल्या गुलाबी तात्यासाहेबांकडं बघून कुणीतरी म्हणालं, अगदी फोटोच. मग नजरा मधे गेल्या. तात्यासाहेब चार पावलं पुढं झाले. हिरव्या म्होरक्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ते उभे राहिले. सारखी भुवई, सारखं नाक, मधे हातभर अंतर.

"वा," तात्यासाहेब म्हणाले. "ह्याला म्हणतात रझाकार. ह्याच्या डोळ्यांतच बेइमानी दिसते बघा."

"जन्मजात," मागून कुणीतरी भर घातली.

"कुठं सापडलं रे तुला हे तोंड?"

"इथंच," गयास म्हणाला.

सगळे खूश होऊन गेले. गयासला वाटलं होतं, आपल्याला हसू येईल. तसं काही झालं नाही. ओळखलं असतं तर त्यानं शिव्या खाल्ल्या असत्या, दुकान गेलं असतं, पण निदान एकदा तरी त्या रंगाआडचा माणूस कुणाला दिसला असता. सगीरा बाहेर आली, तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात त्यानं झटकून टाकला.

सतराला सकाळी ट्रक सजून उभा राहिला, बाजूच्या फळीवरून चित्र खाली सोडलेलं. झेंडूच्या माळा, पुढं लेझीम, भोंग्यावर भाषण. गयासला खाली थांबायला सांगितलं होतं, कुठं रंग उडाला तर लावायला म्हणून; त्याच्या हातात डब्यांची पिशवी होती. नारळ फोडायला तात्यासाहेबांनी फुलंब्रीहून आपल्या आईला आणलं होतं. मनकर्णाबाई ऐंशीला टेकल्या होत्या. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या सगळ्याकडं नव्यानं बघत असत. गावात झेंडा लावायचा ठरला तेव्हा केशरी पट्ट्याला त्यांचंच लुगडं फाडलं होतं, हे भोंग्यावरून सांगून झालं होतं.

नारळ हातात घेऊन त्या ट्रकपाशी आल्या आणि चित्राकडं बघत राहिल्या.

"हा मशीनवरचा कोण?"

"शिंपी, माय," तात्यासाहेब म्हणाले.

"शिंपी? आपला हैदर का?" त्या आणखी जवळ गेल्या. "मग उघड्या डोक्यानं कसा बसवला? टोपीशिवाय तो माणूस कुणाच्या दारात उभा राह्यला नाय. मी कापड घेऊन गेले तवा आधी टोपी घातली अन् मग कापडाला हात लावला त्यानं."

"माय, नारळ फोड. उशीर होतोय."

मनकर्णाबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांची नजर आता मधे आली होती. हात लांबवून त्यांनी हिरव्या म्होरक्याच्या ओठाला बोट लावलं.

"अन् तू रं तात्या? तू कशाला काठी घेऊन गेलास हैदरच्या अंगावर?"

लेझीम थांबली. तात्यासाहेब हसले. "माय, तो मी नाय. मी तिकडं, वर, कोपऱ्यात."

मनकर्णाबाईंनी कोपऱ्यातल्या गुलाबीकडं पाहिलं आणि मान हलवली. "तो कोण परका हाय. तू हा हायस. रडाया येयाच्या आधी असाच ओठ मुडपायचास. मी जन्म दिलाय तुला, दाढी लावली म्हणून कळंना का मला?"

आता सगळेच बघायला लागले. आधी वर, मग मधे, मग तात्यासाहेबांकडं. एकदा दिसल्यावर ते तोंड दिसेनासं होईना. कुणी खोकलं. कुणी माळ सरळ करायला लागलं. तात्यासाहेब गयासपाशी आले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"हे तू केलंस?"

"तूच म्हणालास," गयास म्हणाला, "डोळ्यांतच बेइमानी दिसते म्हणून."

तात्यासाहेबांचा खालचा ओठ आत मुडपला. त्यांनी ड्रायव्हरला हात केला. "चल, घे गाडी."

पण ड्रायव्हर नारळ फुटल्याशिवाय गाडी हलवणारा नव्हता, आणि नारळ मनकर्णाबाईंनी पदराखाली घेतला होता.

"आधी त्याची टोपी द्या," त्या म्हणाल्या. "मग फोडते."

गयास पिशवी घेऊन ट्रकवर चढला. पांढऱ्याचं झाकण उघडून ब्रश बुडवला. त्यानं बापाचं डोकं झाकलं. कडेला बारीक निळी सावली दिली, म्हणजे टोपी नीट बसलेली दिसावी. मग तसाच वाकून त्यानं हिरव्या तोंडाकडं ब्रश रोखला.

"माय, ह्याचं काय करू? पुसू?"

मनकर्णाबाईंनी लेकाकडं पाहिलं. तात्यासाहेब मान खाली घालून उभे होते.

"नको," त्या म्हणाल्या. "फिरू दे त्याला गावभर."

आणि त्यांनी नारळ दगडावर आपटला.