दुहेरी कापड

लोक उन्हाळ्यात सरबतात बर्फ घालतात, आम्ही बर्फालाच पांघरूण घालतो. जाड पांढरं कापड आणि कडेला लोखंडी खुंट्या. तरी हिमनदी दरवर्षी खचते, मागे सरते. पर्यटकांना दाखवायला वरचा तुकडा राखायचा, एवढीच आमची नोकरी. नियम एकच: दोघांनी एका दोरीला बांधून घ्यायचं, एक भेगेत पडला तर दुसऱ्याने धरायचं.

माझा थोरला भाऊ मुकादमाच्या दोरीला होता. "दोरी तुटली," म्हणत मुकादम एकटाच रडत खाली आला, त्याला वीस वर्षं झाली. बर्फ वितळू लागला, जुनी प्रेतं वर येऊ लागली, तशी वहिनीने आशा धरली. एकदा नवऱ्याला डोळे भरून बघायचं आणि मातीत ठेवायचं, बाकी तिला काही नको होतं. पण यंदा, भाऊ पडला त्या भेगेजवळच्या एका जागी मुकादमाने कापड दुहेरी घातलं. "इथे ऊन फार लागतं," म्हणाला. आता त्याच्या दोरीला मी होतो; मीच मूर्ख, मीच खुंट्या ठोकल्या.

हे मी जेवताना बोललो. सकाळी वहिनी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन वर आली आणि तिने ते कापड टराटरा फाडलं.

मुकादम धावला आणि त्याने घणाचा दांडा तिच्या तोंडावर हाणला. तिचा ओठ फाटला. मी त्याच्या नाकावर बुक्की मारली, तो माझ्या कानाला चावला. एकाच दोरीला बांधलेले आम्ही, पळणार कुठे? लोळत, लाथा घालत राहिलो.

"भावजी!" वहिनी किंचाळली.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. दुहेरी कापडाखालीही बर्फ गेला होता आणि माझ्या भावाची पाठ वर आली होती. कमरेला दोरीचा तुकडा होता. तुटलेल्या दोरीचे धागे पिंजारतात. ही सरळ कापलेली होती.

"वजन धरवेना मला!" मुकादम ओरडला. "मीही गेलो असतो! कुणालाच धरवलं नसतं!"

वहिनी सुरी घेऊन उठली. तो मागे सरकला, कड ढासळली आणि तो भेगेत गेला.

कमरेला हिसका बसला. मी पोटावर घसरत गेलो, हातांची सालं निघाली, एक खुंटी सापडली ती धरली. वहिनीने सुरी माझ्या नाकासमोर ठेवली.

माझा हात सुरीकडे गेला. त्याला मरू द्यावं असं मला मनापासून वाटलं. मग भावाची पाठ दिसली.

"वहिनी, माझ्या पायांवर बसा!"

ती बसली. तिचं रक्त माझ्या पोटऱ्यांवर ठिबकत होतं. खांदा निखळतोय असं वाटेपर्यंत आम्ही ओढलं आणि तो वर आला, खोकत, रडत.

वहिनी त्याच्यावर वाकली. "आलं ना धरता?"

त्याने डोळे मिटले. मी आधी आमच्यातली दोरी सोडली. मग त्याच्यावर घण उचलला. वहिनीने मला अडवलं नाही.