बावीस किलोंची खिटी

मोठ्या साहेबांनी लाल पेन्सिलीने आराखड्यातल्या तरफेवर फुली मारली आणि कागद टेबलावरून सुनेच्या दिशेने भिरकावला.

"हे खेळणं काढ. केबल सरळ खिटीला जोड."

"सरळ जोडली तर चढावर बावीस किलोंचा जोर लागतो, सर."

"लागू दे."

"एखाद्या म्हाताऱ्या माणसाला—"

"लागू दे म्हटलं ना!"

डिझाइन विभागातल्या बाकीच्यांनी स्क्रीनमध्ये माना खुपसल्या. या सासरा-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य त्यांना तोंडपाठ होतं. ती या विभागात नोकरीला आधी लागली आणि साहेबांच्या घरात सून म्हणून नंतर आली. दोन्ही वेळी साहेबांना कुणी विचारलं नव्हतं. घरी ती त्यांना बाबा म्हणे, कचेरीत सर. भांडण तापलं की घरातही सर म्हणे, आणि ते 'सर' साहेबांना शिवीपेक्षा जास्त झोंबे. शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं, जेवायला बसताना गिअरबॉक्स बाहेर ठेवून यायचा. तेव्हापासून दोघं मुकाट जेवत. दुसरं बोलण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतंच.

वाद होता तो एका कडीचा. ऑटोमॅटिक गाडी 'पार्क'वर टाकली की गिअरबॉक्सच्या आतली पोलादी खिटी एका दातेरी चाकात जाऊन बसते, आणि गाडी जागची हलत नाही. पण बॅटरी बसली की ही खिटी आपणहून मागे येत नाही. मग गाडी कुणाची वाट अडवून उभी असो की जळत्या दुकानासमोर, दहा जणांनी ढकलली तरी ढिम्म. त्या वेळेसाठी सीटजवळ एक कडी ठेवायची. ती ओढली की केबल खिटीला बाहेर खेचते. ती कडी किती जड असावी, यावरून चार महिने धुमसत होतं.

साहेब उगाच हट्टाला पेटले नव्हते. उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी बनवलेली एक कडी फार हलकी होती. चढावर उभ्या गाडीत कुणाचातरी बूट तिला लागला, गाडी सुटली, आणि खाली झोपून काम करणाऱ्या मेकॅनिकचा पाय गुडघ्यापासून गेला. तेव्हापासून साहेबांचं एकच पालुपद: ओढणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. सुनेचं म्हणणं, चुकून ओढली जाऊ नये म्हणून कडीला आधी दाबायची एक कळ द्या, ओढायला मात्र तरफ लावा. सात किलोंत काम होईल.

"घाबरलेल्या माणसाला तुझी कळ सापडायची नाही," साहेब म्हणाले.

"आणि बावीस किलो कुठून सापडणार?"

कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं. साहेब ताडकन उठले.

"आराखडा आज कायम व्हायचाय ना? चला. माझं वय एकोणसाठ. मी ओढून दाखवतो. कडी निघाली तर हा विषय संपला. घरातसुद्धा."

"नाही निघाली तर?"

"तर घाल तुझी तरफ."

बोलून गेल्यावर त्यांनी उजवा हात खिशात घातला. सहा महिन्यांपासून त्याचा अंगठा बधिर असे. सकाळी शर्टाची वरची गुंडी लावायची राहू लागली होती. उकाडा फार आहे, असं ते घरी सांगत.

चाचणीच्या शेडमध्ये लोखंडी चढावावर गाडी नाक वर करून उभी होती. चाकांमागे वीतभर अंतरावर लाकडी ठोकळे रचलेले होते. फिटर नोंदवही घेऊन खिडकीशी उभा राहिला, सून त्याच्यापलीकडे. बाकीच्यांना साहेबांनी शेडच्या दाराशीच अडवलं होतं: "तमाशा नाहीये."

ते आत बसले. चढावावर बसणाऱ्याने पट्टा लावलाच पाहिजे, हा नियम त्यांचाच. पट्टा लावून त्यांनी कडीत बोटं अडकवली आणि ओढली.

कडी बोटभर सरकली नि थांबली.

त्यांनी दात आवळले, पाय रोवले, पुन्हा ओढली. बोटं कडीतून एकेक करून निसटली, जणू दुसऱ्याच कुणाची असावीत. मग त्यांनी डावा हातही घातला. मान लाल झाली, सीट करकरली. खिटी चाकात घट्ट बसून राहिली.

फिटर वहीकडे पाहू लागला.

"केबल अडकलेली दिसते," सून घाईने म्हणाली. "ही चाचणी बाद धरा. केबल बदलून उद्या पुन्हा घेऊ."

सुटायला वाट मिळाली होती. नुसतं 'हूं' म्हटलं असतं तरी पुरे होतं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर विजयाचा मागमूस नव्हता, आणि नेमकं तेच त्यांना सोसवेना.

"फिटर, इकडे या. ओढा."

"साहेब, मी..."

"ओढा म्हणतो!"

फिटरने खिडकीतून हात घालून कडी ओढली. आत खाडकन आवाज झाला, गाडी वीतभर मागे आली आणि ठोकळ्यांवर टेकली.

"केबल चांगली आहे," साहेब म्हणाले. "लिहा. पुरुष, वय एकोणसाठ. तीन प्रयत्न, तिसरा दोन्ही हातांनी. कडी ओढता आली नाही."

"बाबा, अडकली असं लिहिलं तरी—"

"इथे सर म्हणायचं. आणि चाचणीच्या वहीत खोटं लिहायला तुला कुणी शिकवलं? मी तरी नाही."

तिचा चेहरा उतरला, मग कठीण झाला.

"ठीक आहे. तरफ घालते, सर."

"घाल. मला पटलेली नाही, हेही लिही खाली."

"लिहीन. तुमच्याच शब्दांत."

त्यांचा हात पट्ट्याच्या बकलाकडे गेला. त्याचं लाल बटण त्यांनी अंगठ्याने दाबलं. बटण हललं नाही. परत दाबलं. डाव्या हाताने दाबून पाहिलं, तेही जमेना. फिटर मदतीला वाकणार, तेवढ्यात सून म्हणाली, "दाराशी थांबलेत ना, त्यांना सांगा चाचणी झाली. जागेवर जा म्हणावं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. तुम्हीही चहा घेऊन या."

फिटर गेला. शेडचं दार लोटल्याचा आवाज आला. सून गाडीजवळ गेली नाही. ती भिंतीकडे वळली, तिथे टांगलेला सुरक्षा नियमांचा फलक वाचत राहिली. सगळेच नियम साहेबांनी लिहिलेले होते आणि तिला पाठ होते. तिने ते पहिल्यापासून वाचायला घेतले.

मागून एक दबलेली शिवी ऐकू आली. मग धापा टाकल्याचा आवाज. ती सातव्या नियमावर होती तेव्हा बकल सुटलं.

ती आठवा नियम वाचू लागली.