तीस ग्रॅमचा फरक

सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे द्रावण गरागरा फिरवून गाळ वेगळा करणाऱ्या यंत्रात, समोरासमोर लावलेल्या दोन्ही बाटल्यांमधली पातळी अगदी सारखी होती, केसाचाही फरक नव्हता. एकीत अमोनियम सल्फेट नावाचं मीठ घातलेलं प्रोटीनचं गढूळ द्रावण होतं, दुसरीत साधं पाणी. मीठ विरघळलेलं द्रावण पाण्याहून जड असतं. पातळी जुळली तरी वजनात तीस-एक ग्रॅमचा फरक असणार, हे चौदा वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या तंत्रज्ञ ताईंना लांबूनच कळलं. समोरासमोरची वजनं जुळली नाहीत, तर फिरताना यंत्राचा तोल जातो.

बाटल्या लावणाऱ्या शिकाऊ मुलीलाही शंका आलीच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातून सहा आठवड्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणाला आलेली; प्रश्न विचारून विचारून तिचं नाव शंकासुर पडलं होतं. तराजूवर ठेवून बघू का, असं तिने प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांना विचारलं. पाण्याची बाटली समोर लावायला सरांनीच सांगितलं होतं, आणि आपलं सांगणं कोणी तपासलेलं त्यांना खपत नसे.

"तराजू कशाला? भाजी विकायला बसलीयेस?" ते म्हणाले. बाकीची मुलं हसली. मुलीने ताईंकडे पाहिलं. ताईंनी हातातली पिपेट पुसायला घेतली.

गप्प बसणं ताईंच्या अंगवळणी पडलं होतं. मागच्या उन्हाळ्यात सरांनी एका मुलाच्या कानाखाली अशी मारली होती, की आठवडाभर त्याला त्या कानाने ऐकू येत नव्हतं. त्याआधी एकीचं डोकं केसांना धरून फ्रीजच्या दारावर आपटलं होतं. दर वेळी ताई लेखी तक्रार द्यायचं ठरवत आणि दर वेळी काहीतरी आडवं येई: नवऱ्याचं आजारपण, लेकीची परीक्षा, नोकरी कायम होण्याचा कागद. तो कागद हातात पडूनही तीन वर्षं झाली होती.

सेंट्रिफ्यूजने वेग घेतला. तोल गेला की यंत्र बंद पाडणारा सेन्सर सरांनी कधीच काढून टाकायला लावला होता, सारखी कटकट करतो म्हणून. मिनिटाला सात हजार फेऱ्यांना फरशी थरथरली. आठ हजारांना यंत्र भिंतीकडे सरकू लागलं. ताईंनी ओरडून मुलांना टेबलांमागे ओढलं, तेवढ्यात आतला रोटर, बाटल्या धरून फिरणारा जड गोळा, दांड्यावरून सुटला. झाकण उखडून छतात घुसलं, बाजूचा पत्रा फाटला, काचेचं कपाट एका दमात खाली आलं.

मग सगळं शांत झालं. ताईंनी एकेकाला चाचपून पाहिलं. कोणाला खरचटलंही नव्हतं.

मुलगी टेबलाची कड धरून उठत होती. सरांनी नळ्या ठेवायचा स्टीलचा स्टँड उचलला आणि तिच्या त्या हातावर घातला. पुन्हा घातला. आवाज जराही न चढवता ते दर घावाला म्हणत होते, "चार महिन्यांचं प्रोटीन." तिसऱ्या घावाला बोटं मोडल्याचा आवाज ताईंना स्पष्ट ऐकू आला. रक्त फरशीवर सांडलेल्या खारट द्रावणात पडून गढूळ होत गेलं.

आवाजाने विभागप्रमुख बाई धावत आल्या. सरांनी त्यांना सांगितलं, की पोरीने वजन न करता बाटल्या लावल्या आणि उडालेल्या झाकणाखाली हात सापडला. यंत्राच्या वहीत तसं लिहून सही घेतो, म्हणजे विषय मिटला. वही त्यांनी उघडलीसुद्धा. बाईंनी मुलीला विचारलं, असंच झालं का. तिने हात काखेत दाबून धरला होता. ओठ पांढरे पडले होते. ती हो म्हणाली आणि डाव्या हाताने पेन घ्यायला गेली.

ताईंनी ते पेन आधी उचललं.

"ताई, तुम्ही काचा गोळा करा," सर म्हणाले.

"काचा राहू देत." ताई बाईंकडे वळल्या. "बाई, हिचा हात झाकणाखाली सापडला नाही. सरांनी मोडला, माझ्या डोळ्यांदेखत. पाण्याची बाटलीही त्यांनीच लावायला सांगितली होती. ते चूक आहे हे मला कळत होतं, तरी मी बोलले नाही. आधी हिला दवाखान्यात पाठवा. आणि मला कोरा कागद द्या. आजवर यांनी जितक्या मुलांना मारलं, ते सगळं मी लिहून देतेय."