नकाशातली काळी घरं

हाजराच्या घराच्या गडग्यावर, कुंपणाच्या दगडी भिंतीवर, लाल रंगात आकडा घातलेला दिसला तेव्हा हरिश्चंद्र मास्तरांना वाटलं, पोलिओचे डोस देणाऱ्यांनी काही खूण केली असेल. पण तसाच आकडा शेजारच्या अस्लमच्या घरावर होता, त्याच्या पलीकडेही होता. खाडीकाठच्या खालच्या आळीत तेरा घरं, सगळी आखातात गेलेल्यांची, तेराही घरांवर. वरच्या आळीत एकाही दारावर नाही. मास्तरांचं घर वरच्या आळीत होतं.

हाजरा दिवाळीनंतर कुवेतला गेली होती, लेकीच्या, फिजाच्या बाळंतपणाला. “मे महिन्यात येते ओ मास्तर, तवर माझ्या घराकडं बघा,” एवढंच सांगून गेली. मास्तर रोज सकाळी जाऊन तिची पडवी झाडत. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून झाडत, कारण लोकांनी चांगलं म्हटलं की त्यांना जास्तच संकोच वाटे.

आकड्याचा अर्थ विचारायला ते एसटीने रत्नागिरीला गेले. भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी तीनदा परत फिरायचा विचार केला.

रस्त्याच्या सर्वेक्षण कार्यालयात भिंतीवर सागरी रस्त्याचा नकाशा होता. त्याच्याखाली गावाचा दुसरा नकाशा, रंगीत पेन्सिलींनी काढलेला. तो त्यांचाच होता. कोपऱ्यात छापलं होतं : ‘माहिती : श्री. हरिश्चंद्र पाटणकर, निवृत्त भूगोल शिक्षक.’ क्षणभर त्यांना बरं वाटलं. त्या क्षणाची लाज त्यांना पुढे फार दिवस पुरली.

पौषात विनोद घरी आला होता. त्यांचा जुना विद्यार्थी, आता रस्त्याच्या सर्वेक्षणात. दोन दिवस राहिला, दोन्ही वेळा जेवला, आणि जुना धक्का कुठे, पायऱ्यांची पाखाडी कुठून उतरते, पऱ्याच्या ओहोळाला पावसात पाणी किती येतं, सगळं विचारलं. चाळीस वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. मास्तरांनी घरन् घर हिंडून नकाशा केला. नियम एकच : त्या दिवशी चूल पेटलेली असेल तर घर तांबडं, कुलूप असेल तर काळं. हाजराच्या घराशी हात अडखळला होता. पण आपल्या माहितीपेक्षा नियम बरा, असं त्यांना जन्मभर वाटत आलेलं. त्यांनी काळं केलं.

“सर, तुम्ही कशाला एवढ्या उन्हातून आलात?” विनोद खुर्ची पुढे करत म्हणाला. “फोन करायचा.”

“रस्ता वरून जाणार होता ना रे? शाळेमागून?”

“जाणार होता. पण तिथे एकोणीस चुली हलवाव्या लागल्या असत्या. खालून एकही नाही. तुमच्याच नकाशावरून काढलंय सगळं.”

“चुली नाहीत. घरं आहेत.”

“सर, बंद घरांची हरकत येत नाही. इथली पद्धत आहे ती.”

“आणि वर तुझ्या काकांचं लॉज आहे.”

विनोदने कागद सारखे केले. “ते मधे येतच होतं. मी कुठे नाही म्हणतोय? पण तुम्ही काळं केलं नसतंत, तर मला काही करता आलं नसतं.”

“त्यांना नोटीस दिली?”

“ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आहे. अजून सहा दिवस आहेत.” मग हळूच म्हणाला, “तुमचं घर वाचलं सर. ते बघा ना.”

मास्तरांना खूप बोलायचं होतं. “चहा नको,” एवढंच म्हणून ते निघाले.

हरकत घरमालकानेच नोंदवायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाजराच्या पडवीत बसून कुवेतला फोन लावला. मागे बाळ रडत होतं.

“नातू झाला मास्तर. तुमच्यासारखाच, कुणाकडं बघत नाय.”

ते हसले नाहीत. त्यांनी रस्त्याचं सांगितलं, आकड्याचं, सहाचे पाच झालेल्या दिवसांचं.

“पन माझ्याच घरावरना कशाला?” हाजरा म्हणाली. “आनि घर रिकामं हाय म्हनून त्यांना सांगितलं कुनी?”

विनोदचं नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं.

“मी,” ते म्हणाले. “नकाशात काळं केलं. त्या दिवशी कुलूप होतं.”

बाळाला कुणीतरी दुसऱ्या खोलीत नेलं असावं.

“कुलूप तुमच्या भरवशावर लावलं होतं,” हाजरा म्हणाली.

“तू ये. मी अर्ज लिहून ठेवतो. त्यात सगळं कबूल करतो. माझा नकाशा चुकीचा आहे असं मीच—”

“नको ओ.” तिचा आवाज चढला नव्हता. “फिजाचा नवरा बघेल अर्जाचं. तुम्ही आता कायेक लिहू नका.”

फोन बंद झाला. मास्तर उठले, आणि न झाडता पडवी उतरले.