गाऱ्हाणं चमेलीबाईचं

चमेलीबाईचा बाप्तिस्मा अनेर नदीत झाला तेव्हा काठावर पाड्यातली निम्मी माणसं गंमत बघायला जमली होती. तिचा नवरा दिवल्या पाण्यातून वर आला तो हसत. चमेलीबाई वर आली ती आधी काठाकडे बघत, कारण त्या बघ्यांत भुरीबाई उभी होती आणि चमेलीबाईचं लहान पोरगं तिथेच नणंदेच्या कडेवर होतं. ओल्या लुगड्याने ती धावत गेली आणि पोराला ओढून घेतलं. बाप्तिस्मा देणारे अभिमन मास्तर म्हणाले, "आईची माया बघा." ते मायेचं नव्हतं, भीतीचं होतं, पण ते तिने कोणाला सांगितलं नाही.

भुरीबाई पाड्याच्या टोकाला, नाल्याकाठी एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोटी काही नाही. तीन उन्हाळ्यांपूर्वी चमेलीबाईची मुलगी शेवंती तिच्या अंगणात खेळायला गेली आणि मूठभर टेंभरं, तेंदूची पिकली फळं, खात घरी आली. म्हातारीनेच दिली होती. दुसऱ्या दिवशी पोरीला उलट्या सुरू झाल्या आणि दिवे लागायच्या आत पोर हातची गेली. बडव्याने, म्हणजे पाड्याच्या भगताने, सुपात ज्वारीचे दाणे टाकून बघितलं. नाव घेतलं नाही, नुसती नाल्याच्या दिशेने हनुवटी उचलली. चमेलीबाईला तेवढं पुरलं.

पुढच्या साली पोरगा झाला आणि तोही तसाच आजारी पडला. या वेळी दिवल्याने बडव्याला बोलावलंच नाही. पोराला पाठीशी बांधून तो सरळ शिरपूरला गेला. दवाखान्यात पोरगं वाचलं. तिथेच अभिमन मास्तर भेटले, आणि वर्षभराने दिवल्या ख्रिस्ती झाला. त्याने मोहाची दारू सोडली, बायकोवर हात उचलणं सोडलं, आणि जो भेटेल त्याला सांगू लागला की डाकीण वगैरे काही नसतं, सगळं आजाराचं असतं. त्याच्यामागोमाग वना आणि आणखी एक घर विश्वासात आलं. चमेलीबाईही आली. नवरा बदलला होता हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. तेवढ्यावर ती आली.

पण भुरीबाईच्या घरावरून जाताना तिचा हात आपसूक पोराच्या तोंडावर पदर ओढायचा. एकदा तिने अभिमन मास्तरांना धीर करून विचारलं, "मास्तर, डाकीण असते का?"

मास्तर म्हणाले, "विश्वास ठेवणाऱ्याला कशाचं भय, चमेलीबाई?"

ती मान हलवून घरी आली. वाटेत तिच्या लक्षात आलं की मास्तरांनी 'नाही' असं काही म्हटलेलं नाही. तेव्हापासून तिला मास्तरांचाही थोडा संशय येऊ लागला.

होळी होऊन गेली. मोह वेचायचे दिवस आले. पाड्यात पुन्हा उलट्या-जुलाब सुरू झाले. रुपसिंगची सून अंथरुणाला खिळली. रुपसिंग म्हणजे पाड्यातला वजनदार माणूस, आणि भुरीबाईच्या नवऱ्याचा सख्खा पुतण्या. त्याच्या घरी बडवा बसला, आणि या वेळी बडव्याने हनुवटी उचलली नाही, नाव घेतलं.

त्या दुपारी दिवल्या शिरपूरच्या बाजाराला गेला होता. चमेलीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. नाल्याकडून आरडाओरडा ऐकू आला. मग भुरीबाई आली. केस मोकळे, एका पायातून रक्त, लुगड्याचा पदर खांद्यावरून ओघळलेला. ती कुंपणाशी येऊन थांबली. आत आली नाही. नुसती धापा टाकत उभी राहिली.

"त्यांनी घराला आग लावली," ती म्हणाली. "तुमच्या घरात ते पाय टाकत नाहीत म्हणतात. तुमचा देव वेगळा."

घरात झोळीत पोरगं झोपलं होतं. चमेलीबाई उठली, आत गेली, झोपलेल्या पोराला झोळीतून उचललं, पाठीशी घट्ट बांधलं आणि बाहेर आली. मग दारातून बाजूला सरून म्हणाली, "जा आत."

म्हातारी तिच्या अंगावरून आत गेली तेव्हा चमेलीबाईने पोराला पाठीवर धरून भिंतीशी अंग चोरलं. तिचा वाराही त्याला लागू नये असं तिला वाटत होतं. मग तिने दार ओढून घेतलं आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

माणसं आली. दहा-पंधरा असतील. पुढे रुपसिंग, हातात दगड. मागे म्हातारा जीवराम, पाड्याचा पंच, काठी टेकत.

"चमेली, तिला बाहेर काढ."

"काढत नाही, रुपसिंगभाऊ."

"डाकीण नसतेच असं दिवल्या सांगत फिरतो. माझी सून तिकडे डोळे फिरवतेय आणि तू त्याचं ऐकून हिला आत घेतलीस?"

"ते दिवल्या म्हणतो," चमेलीबाई म्हणाली. "मला विचारशील तर मला ती डाकीण वाटते."

तिला काय सुचलं हे तिचं तिलाही नीट कळलं नव्हतं. पण तोंडातून खरं निघालं होतं आणि आता मागे घेता येत नव्हतं.

"मग हो बाजूला!"

"तिने पहिलं कोणाचं खाल्लं, भाऊ? तुझ्या घरचं की माझ्या घरचं?"

रुपसिंग दगड या हातातून त्या हातात घेऊ लागला.

"माझी शेवंती गेली. तुझी सून अजून आहे. बैल मेला तरी आपण बघतो ना, आधी कोणाचा मेला? ज्याचं नुकसान पहिलं त्याचं गाऱ्हाणं पहिलं. मग गाऱ्हाणं माझं आहे. माझं निवडल्याशिवाय तुझं पुढे कसं येतं?"

"मग मांड! आत्ता मांड, पंच इथे उभा आहे!"

"नाही मांडत."

"का?"

पाठीवर पोरगं जागं होऊन कुरकुरत होतं. त्याला थोपटत चमेलीबाई म्हणाली, "मला तिची भीती वाटते. रागही आहे. पण मला तिला मारायचं नाही. नदीत उतरले तेव्हा वैऱ्याचंही वाईट करणार नाही असं मी कबूल केलं होतं. नुसत्या मायेच्या माणसालाच घरात घ्यायचं असतं तर त्यासाठी ख्रिस्ती कशाला व्हायला लागत होतं?"

कोणीतरी मागून शिवी दिली. रुपसिंगने दगड वर केला. पण जीवरामने काठी आडवी धरली. तो कोणाचाच नव्हता, फक्त रिवाजाचा होता. "बाई बोलते ते बरोबर आहे," तो म्हणाला. "गाऱ्हाणं तिचं पहिलं. ती मांडत नाही तोवर हात लावायचा नाही."

"आणि सुनेला शिरपूरला ने," चमेलीबाई म्हणाली. "माझं पोरगं तिथेच वाचलं."

रुपसिंगने दगड अंगणातच टाकला. सून मेली तर मी पंचाला विचारायला येणार नाही, असं बजावून तो गेला. पण जाताना त्याने आधी वळून बघितलं ते नाल्याकाठच्या भुरीबाईच्या शेताकडे. चमेलीबाईच्या ते नजरेत भरलं. तिथे बारमाही ओल होती. त्याचा डोळा त्या शेतावर असेल, हे याआधी तिला कधी सुचलं नव्हतं.

आत भुरीबाई चुलीशेजारी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुलाही तसंच वाटतं?"

"वाटतं, अक्का."

म्हातारी रडेल, शपथा घेईल, असं चमेलीबाईला वाटलं. तिने तसलं काहीच केलं नाही. स्वतःचे तळहात उलटेपालटे करून बघत ती म्हणाली, "इतकी माणसं म्हणतात. कधीकधी मलाही वाटतं, असेन की काय. पोरीला टेंभरं दिली ती गोड होती. मीही खाल्ली होती त्यातली."

चमेलीबाईने तिच्या पायावर हळद लावली. फडकं बांधताना मात्र पोराला दुसऱ्या अंगाला वळवून घेतलं.

दिवल्याला ही बातमी घरी यायच्या आधीच कळली. एसटी थांब्यावरच्या किराणा दुकानदाराने, गिरधरशेटने, त्याला हटकलं होतं, "का रे, तुमना पाडामा डाकीण धरी म्हने? बठ्ठा बाजार सांगी ऱ्हायना." बाजारभर बोभाटा झालेला ऐकून दिवल्या तिथून धावतच आला. म्हातारीला बघून त्याचा ऊर भरून आला. बायकोने मोठी साक्ष दिली असं तो म्हणत राहिला. नेमकं काय बोलली ते कळल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. "असं कशाला म्हणालीस? तू विश्वासात आहेस ना?"

"खोटं बोलायला हवं होतं का?"

दिवल्या उठून बैलांना पाणी पाजायला गेला.

रविवारी अभिमन मास्तर आले. उपासना वनाच्या ओट्यावर व्हायची. मास्तरांचा चेहरा उतरलेला होता. उपासनेआधीच त्यांनी चमेलीबाईला बाजूला बोलावलं. "तुम्ही त्या बाईला वाचवलंत, चांगलं केलंत. पण चारचौघांत तुम्ही तिला डाकीण म्हणालात. खरी ख्रिस्ती बाई असं म्हणेल का? तालुक्यात आधीच आपल्याकडे सगळे संशयाने बघतात. उद्या म्हणतील, यांनीही तेच मानलंय. हे तुम्ही मनातून काढून टाकत नाही तोवर प्रभुभोजन घेऊ नका."

चमेलीबाई खाली बघत होती. मग तिने विचारलं, "मास्तर, माझं घर नाल्यापासून लांब आहे. वनाभाऊंचं जवळ. ती आधी इथेच आली असेल ना?"

मास्तरांनी वनाकडे बघितलं. वनाने बायकोकडे, गेंदीबाईकडे. गेंदीबाई भाकरीच्या टोपलीवरचं फडकं सारखं करू लागली.

"आली होती," शेवटी वना म्हणाला. "आम्ही दार लावून घेतलं होतं."

"वनाभाऊ डाकीण मानतात का?" चमेलीबाईने मास्तरांनाच विचारलं.

"नाही मानत मी!" वना म्हणाला. "कधीच सोडलं."

"मग दार का लावलंत?"

मास्तरांनी घसा साफ केला आणि गाणं सुरू केलं. भोजनाच्या वेळी भाकरी सगळ्यांच्या हातून फिरली. चमेलीबाईपाशी आल्यावर दिवल्याने ती मान खाली घालून, तिला वगळून पुढच्याला दिली. घरी परतताना तो चार पावलं पुढेच चालत राहिला. ती विचार करत होती, हा माझ्यावर रुसलाय की स्वतःवर? तिला ठरवता येईना.

रुपसिंगची सून शिरपूरला नेल्यावर वाचली. पाड्यात बोललं गेलं की डाकीण ख्रिस्त्यांच्या घरात कोंडली म्हणून तिचा जोर तुटला. पहिला पाऊस पडून गेला आणि भुरीबाईच्या शेतात रुपसिंगचा नांगर चालू लागला. चमेलीबाई बांधावर उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हातारीचं नाव घेतलं तेव्हा बडवा रुपसिंगच्याच घरी बसला होता. शेवंतीच्या वेळी बडव्याला कोणी बोलावलं होतं, ते ती आठवू लागली. रुपसिंगनेच. इतकी वर्षं म्हातारीवर खिळलेला तिचा संशय जागचा हलला, पण नाहीसा झाला नाही. आता तो दोन घरांत वाटला गेला.

दिवल्याने गोठ्याला लागून म्हातारीसाठी खोपी घातली. ती शेण काढायची, शेंगा फोडायची, जात्यावर दळायची. तिने केलेली भाकरी दिवल्या खायचा. चमेलीबाई आपली वेगळी थापायची. म्हातारीला ते कळत होतं. तिने आपले देवही सोडले नाहीत. सागाखालच्या दगडांपुढे जाऊन ती हात जोडायची. दिवल्याने एकदा तिला प्रभूचं सांगायला सुरुवात केली, तेव्हा चमेलीबाईच मध्ये पडली, "राहू दे. घर दिलं म्हणून देव बदलायला लावायचा का?"

ज्वारीच्या कापणीत एक दिवस चमेलीबाई घाईने शेतावर गेली. दोन ओळी कापून झाल्यावर तिला एकदम आठवलं, पोरगं भुरीबाईजवळ राहिलं. आपण त्याला तिथे सोडलं आणि आपल्याला कळलंही नाही. विळा हातात धरून ती उभी राहिली. घराकडे चार पावलं गेलीही. मग थांबली. घाम पुसला, परत फिरली आणि खाली वाकली. त्या दुपारी तिची कापणी मात्र वाकडीतिकडी झाली.

नाताळाच्या आधीच्या रविवारी मास्तर पुन्हा आले. उपासनेआधी ते दिवल्याच्या घरी डोकावले. भुरीबाईने त्यांना चहा दिला. तो त्यांनी घेतला, पण पहिला घोट घ्यायच्या आधी ते क्षणभर कपाकडे बघत राहिले. चमेलीबाईने ते टिपलं. मास्तरांनीही तिचं टिपणं टिपलं आणि ते कसंनुसं हसले.

"अजून वाटतं का तुम्हाला तसं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही दिवस वाटतं. काही दिवस नाही."

"हं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कप रिकामा केला.

त्या दिवशी वनाच्या ओट्यावर भाकरी मोडल्यावर मास्तर स्वतः उठून चमेलीबाईपाशी आले आणि तिच्यापुढे तुकडा धरला. काही विचारलं नाही. चमेलीबाईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मनापासून देतात, की त्या चहाच्या कपामुळे ओशाळून? तिला सांगता आलं नसतं. तिने तुकडा घेतला आणि खाल्ला.

परतताना दिवल्या मास्तरांशी बोलत पुढे गेला. मागून गेंदीबाई भरभर चालत तिच्या जोडीला आली. इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून तिने विचारलं, "खरं सांग चमेली, आहे का गं ती?"

"घरीच बसलीय," चमेलीबाई म्हणाली. "ये. तूच बघ."

गेंदीबाई वळणावर थांबली. मागे आपल्या घराकडे, मग पुढे चमेलीबाईच्या घराकडे तिने बघितलं. चमेलीबाई तिच्यासाठी थांबली नाही, चालत राहिली. थोड्या वेळाने मागे जोडव्यांचा आवाज आला. गेंदीबाई येत होती, पदर तोंडावर धरून, पण येत होती.